रविवारचं कुलूप

तिसरं गीत संपत आलं होतं, तेव्हा राहेल देवळाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. पायात वहाण नव्हती, डोक्यावर पदर नव्हता, आणि लुगडं पुढून गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं. मी बायकांच्या बाजूला पेटी वाजवत बसले होते, तिथून दार समोर दिसायचं. माझी बोटं पट्ट्यांवरच थांबली. मंडळीनं शेवटची ओळ पेटीशिवाय ओढत ओढत पुरी केली.

पुढे, टेबलामागे, माझे वडील उभे होते. शांतवन मास्तर मकासरे. मी त्यांना नाना म्हणत असे. पाळकसाहेबांकडे सात गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्या होत्या, ते आमच्या खैरवाडीत महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी उपासना नानाच चालवायचे. शाळेत चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, मंडळीच्या पंचकमिटीचे अध्यक्ष. त्यांनी राहेलकडे पाहिलं, तिच्या लुगड्याकडे पाहिलं आणि पवित्र शास्त्र उघडून वाचायला सुरुवात केली.

मी उठून बाहेर गेले.

बाहेर बैलगाडीत दानीएल आडवा पडला होता. राहेलचा नवरा, दानीएल साळवे, पंचवीसएक वर्षांचा. गाडी कोंडीबानं आणली होती. दोघं कोलत्यांच्या गुऱ्हाळावर कामाला होते. दानीएल चरकात ऊस घालत होता. कांड्यांबरोबर उजवा हात आत ओढला गेला. कोंडीबानं इंजिनाचा पट्टा पाडला, चरक उलटा फिरवून हात बाहेर काढला आणि वर कुणाचं तरी धोतर गुंडाळलं. ते धोतर मी उलगडलं आणि पुन्हा गुंडाळून टाकलं. मनगटाखाली हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं. रक्त थांबत नव्हतं. पौषातली थंडी होती, तरी त्याचं कपाळ घामानं थबथबलं होतं आणि नाडी बोटाला लागतेय न लागतेय अशी चालली होती.

मी मंडळीच्या दवाखान्याची नर्स. एकोणीसशे अठ्ठावन्न साल, माझं वय सत्तावीस. दवाखाना देवळाला लागूनच होता, दोन खोल्यांचा. डॉक्टर बुधवारी नगरहून यायचे, इतर दिवशी मीच. आत सलाईनच्या बाटल्या होत्या, धनुर्वाताची लस होती, वेदना थांबवायचं इंजेक्शन होतं, चिमटे होते, उकळलेल्या पट्ट्या होत्या. आणि दाराला कुलूप होतं. मिशनचे साहेब मायदेशी गेल्यावर दवाखाना मंडळीच्या ताब्यात आला, तेव्हा पंचकमिटीनं पहिला ठराव केला तो हा, की प्रभूच्या दिवशी दवाखाना उघडायचा नाही. किल्ली शनिवारी संध्याकाळी नानांकडे द्यायची, सोमवारी सकाळी घ्यायची. तीन वर्षं मी ती मुकाट्यानं देत आले होते. रविवारी कुणी तापानं फणफणत आलं तर त्याला सोमवारी ये म्हणून सांगत आले होते. मलाही एक दिवस विसावा मिळत होता, हे कबूल करते.

मी दानीएलच्या दंडाला माझ्या पदराची पट्टी फाडून आवळली. आतल्या बाजूची शीर कुठं दाबायची ते कोंडीबाला दाखवलं आणि आत गेले.

नानांचं वाचन चालूच होतं. मी पुरुषांच्या आणि बायकांच्या मधल्या वाटेनं टेबलापर्यंत गेले. उपासनेत अशी कुणी बाई कधी चालत गेली नव्हती. मी हलक्या आवाजात म्हणाले, "नाना, किल्ली द्या. दानीएलचा हात चरकात गेलाय."

त्यांनी पानावर बोट ठेवलं. "जीव जातोय का?"

"रक्त फार गेलंय. आणखी जातंय."

पहिल्या ओळीत पंचकमिटीतले भास्करराव डीकन बसले होते. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले की आज कुठला वार आहे ते दानीएलला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो चरकावर गेला. त्यांच्या मागे दोघांतिघांनी माना डोलावल्या. दानीएल मंडळीतलाच पोरगा. पण हंगामात गुऱ्हाळ सातही दिवस चालायचं, आणि रविवारी जो चुकला त्याच्या जागेवर सोमवारी दुसरा दिसायचा. दानीएलनं देवळात यायचं सोडलं, तसं पंचकमिटीनं त्याला देवळात भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनातून बंद केलं. तो ठराव नानांच्या हातचा होता.

नाना मला म्हणाले, "कोलत्यांच्या दारात जीपगाडी उभी आहे. त्यांच्या कामावर माणूस चिरडला, त्यांनी न्यावा नगरला. कोंडीबाला तसं सांग. आपला दवाखाना आज उघडायचा नाही."

"जीप येईपर्यंत तो राहायचा नाही."

"उपासना होऊ दे. मग मी येतो."

त्यांचा हात कोटाच्या खिशावर होता. त्या खिशात किल्ली होती. मला ती कापडावरून दिसत होती, तिचा गोल दांडा, तिचा दात. मी हात पुढे केला तो तसाच राहिला. मग त्यांनी पानावरचं बोट उचललं आणि पुढची ओळ वाचायला लागले. आवाज जराही हलला नव्हता.

बाहेर आले तेव्हा कोंडीबानं विचारलं, "बाई, मोडू का कुलूप? पहार हाय गाडीत."

आणि मी म्हणाले, "थांब."

ही गोष्ट पुढे बऱ्याच जणांनी सांगितली. एस्तेरबाईनं कुलूप फोडलं, अशीच सगळे सांगतात. हे 'थांब' त्यात नसतं. मी ते म्हणाले, कारण माझी नजर देवळाच्या दाराकडे लागली होती. मला वाटत होतं, नाना येतील. वाचन संपेल, ते शास्त्र मिटतील आणि येतील. आत पुढचं गीत सुरू झालं. पाच कडव्यांचं गीत. गाडीपाशी उभी राहून, दानीएलचा दंड दोन्ही हातांनी आवळून धरून मी ती पाचही कडवी ऐकली. राहेल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिसऱ्या कडव्याला दानीएलनं पाणी मागायचं थांबवलं. पाचवं संपलं, आत सगळे प्रार्थनेला बसल्याचा आवाज आला. दारात कुणी आलं नाही.

"मोड," मी म्हणाले.

दोन घावांत कडी निखळली. ते दोन घाव आत ऐकू गेले असणारच, प्रार्थना मध्येच थबकली आणि पुन्हा सुरू झाली. मी दानीएलला आत घेतला, सलाईन लावलं, रक्तवाहिन्या चिमट्यात धरल्या, इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासानं त्याची नाडी हाताला नीट लागली. तोवर राहेल दोनदा कोलत्यांच्या वाड्याकडे धावत जाऊन आली. जीप हलली नाही. पोलिसांचं लचांड मागे लागेल अशी मालकाला भीती होती. शेवटी आम्ही त्याला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेला आणि दुपारची एस.टी. हात आडवा करून थांबवली. बाटली हातात उंच धरून मी नगरपर्यंत उभी होते.

तिथल्या डॉक्टरांनी संध्याकाळी त्याचा हात मनगटाच्या वर कापला. मला ते म्हणाले की हात गुऱ्हाळातच गेलेला होता, त्यात कुणाला काही करता आलं नसतं. पण आणखी पाव तास गेला असता तर माणूसही गेला असता.

पाव तास. पाच कडव्यांना किती वेळ लागतो ते मी पुढे पुष्कळदा मोजलं.

सोमवारी सकाळी घरी आले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. नानांनी विचारलं, "कसा आहे?" मी म्हणाले, "हात तोडला." ते म्हणाले, "प्रभू त्याला शांती देवो." मी चुलीपाशी गेले आणि तवा इतक्या जोरानं आपटला की त्याला बाक आला. तीन दिवस मी त्यांना ताट वाढत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. तेही बोलत नव्हते. ते जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासत. तेवढ्यानंही माझं डोकं तडकत होतं. वाटायचं, ही ताटं घासणारी माणसंच खिशावर हात ठेवून उभी राहतात.

गुरुवारी पंचकमिटी बसली, देवळातच. पाच जण बाकावर आणि मी समोर उभी. माझ्यावर तीन गोष्टींचा आरोप होता. उपासनेत अडथळा आणला, मंडळीच्या मालमत्तेचं कुलूप फोडलं आणि प्रभूचा दिवस मोडला. मंडळीसमोर माफी मागावी, नाहीतर वर्षभर प्रभुभोजन बंद.

भास्कररावांनी राहेलला साक्षीला बोलावलं होतं. ती रात्रंदिवस नगरला नवऱ्याजवळ होती, त्या दिवशी मुद्दाम तिला आणवलं. काखेत धाकटी पोर होती. भास्कररावांनी विचारलं की दवाखाना उघडा असं तू एस्तेरला म्हणालीस का.

राहेल जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही. मी नुस्ती दारात उभी राहिले."

"कुलूप मोडायला सांगितलंस?"

"नाही. ते बाईंनी केलं. आम्हाला उपासनेनंतर चाललं असतं."

मला वाटलं, ही माझ्या तोंडावर थुंकली. तिच्या मांडीवर तो पांढरा पडत चालला होता. तिनंच दोनदा कोलत्यांकडे धाव घेतली होती. मी तिच्याकडे बघत राहिले, पण ती वर बघेना. मग माझ्या ध्यानात आलं. साळव्यांचं घर मिशनच्या जागेवर होतं, आणि त्या जागेवर कुणी राहायचं ते समोरच्या बाकावरचे पाच जण ठरवत होते. आता तिच्या घरात एक हात तुटलेला नवरा होता आणि दोन पोरी. तिनं घर धरून ठेवलं. हे समजल्यानं माझा राग कमी झाला नाही. तो तिच्यावरून उठला आणि बाकावर जाऊन बसला.

मी म्हणाले, "माफी मी मागणार नाही. तुम्ही मला लहानपणापासून शिकवलंत ते मी केलं. सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस बसला होता, शब्बाथाचा, विसाव्याचा दिवस होता, आणि नियमावर बोट ठेवणारे परूशी टपून बसले होते, प्रभू त्याला बरा करतो का ते बघायला. ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत, नाना. याच देवळात, रविवारच्या शाळेत."

भास्करराव म्हणाले, बाईमाणसानं शास्त्राचा अर्थ मंडळीला शिकवू नये. नानांनी त्यांना हातानं थांबवलं.

"ती गोष्ट मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग हेही ठाऊक असेल, की तो हात वर्षानुवर्षं वाळलेला होता. एक दिवस थांबला असता तर काही बिघडणार नव्हतं. दुसऱ्या एका शब्बाथी सभास्थानाचा अधिकारी तेच तर म्हणाला, की सहा दिवस आहेत, त्या दिवसांत या. तरीही प्रभूनं कुणाला थांबवलं नाही. आणि दानीएलला पाव तास थांबता येत नव्हतं, त्याला तुम्ही उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबवत होतात. आपण परूशी कुणाला म्हणतो, नाना?"

बाकावर चुळबुळ झाली. कुणीतरी घसा खाकरला. नाना उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ते शाळेतल्यासारखे गरजतील. ते गरजले नाहीत. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या सत्तावीस वर्षांत मी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझे आजोबा," ते म्हणाले, "या गावची येसकरकी करायचे. पाटलाचा निरोप आला की हातातला घास ठेवून उठायचं. कुणाचं ढोर मेलं, कुणा अंमलदाराचं ओझं वाहायचं, कुणाच्या सांगाव्याला पाच कोस पळायचं. त्याला वार नव्हता, वेळ नव्हती. सणाचा दिवस नव्हता की मयताचा नव्हता. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी सांगितलं, सहा दिवस बोलवा, सातव्या दिवशी मी माझ्या प्रभूचा आहे. त्या रविवारी अंमलदाराचं ओझं आलं. ते उठले नाहीत. तेव्हा त्यांना चावडीच्या खांबाला बांधलं. चैत्राचं ऊन. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. मी तिथं होतो. ते पाणी मागत नव्हते, गाणी म्हणत होते. पुढच्या रविवारी पुन्हा बांधलं. तिसऱ्या रविवारी कुणी बोलवायला आलं नाही."

नानांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा एकच दिवस आहे आपला. तो कुणी दिलेला नाही, अंगावर सोसून घेतलाय. दानीएलनं तो कोलत्याला देऊन टाकला. आणि तू कोलत्याच्या चरकानं चिरडलेला माणूस आपल्या दवाखान्यात घेतलास, त्याची जीप दारात उभी ठेवून. काल त्यानं काय निरोप पाठवलाय ठाऊक आहे? म्हणतो, तुमचा दवाखाना रविवारी चालतो, तर माझं गुऱ्हाळ चाललं म्हणून काय झालं. दानीएलच्या जागेवर त्यानं राहेलला बोलावलंय. चुलवणात चिपाडं घालायला. येत्या रविवारपासून."

मी राहेलकडे पाहिलं. तिनं मान हलवली. निरोप खरा होता.

हे सगळं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा मोठे भक्तिमान होते एवढंच ऐकलं होतं. आणि मग राग पुन्हा आला, आधीपेक्षा जास्त, कारण आता तो मला नीट कळत होता.

मी विचारलं, "आजोबा खांबाला बांधलेले होते, तेव्हा कुणी त्यांचा दोर कापायला आलं असतं आणि तो वार रविवार असता, तर तुम्ही त्याला थांब म्हणाला असता? त्याला माफी मागायला लावली असती?"

नाना बसले, समोरचा कागद ओढला आणि वर्षभराच्या बंदीचा ठराव स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले. मी निघून आले.

त्या रविवारी मी देवळात जाणार नव्हते. पण सकाळी पेटी न्यायला माणूस आला आणि म्हणाला, मास्तरांनी उपासना गुऱ्हाळावर ठेवली आहे. मला आधी खरंच वाटेना. मग मी त्याच्या मागोमाग गेले.

कोलत्यांचं गुऱ्हाळ ओढ्याच्या वर होतं. चुलवण पेटलेलं होतं, काहिलीत रस तापत होता, इंजिन धडधडत होतं. राहेल चिपाडांच्या ढिगापाशी कमरेला पदर खोचून उभी होती. आणि देवळातली सतरंजी चरकाच्या पुढ्यात अंथरलेली होती, अगदी ऊस घालतात तिथं. नाना कोट घालून सतरंजीवर बसले होते. त्यांच्या मागे भास्करराव, त्यांच्यामागे साठ-सत्तर माणसं, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. ऊस घेऊन चरकापर्यंत जायचं तर त्यांच्या अंगावरून जावं लागलं असतं. कोंडीबा मोळी खांद्यावर घेऊन उभा होता. थोड्या वेळानं त्यानं ती खाली ठेवली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला. तो आमच्या मंडळीतला नव्हता.

तासाभरानं जीप आली. गेल्या रविवारी जिची वाट पाहिली तीच. कोलते उतरले, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"मास्तर, हे काय लावलंय? ऊस वाळतोय माझा."

"आज रविवार आहे," नाना म्हणाले.

"तुमचा असेल. गुऱ्हाळ माझं आहे."

"माणसं आमची आहेत. राहेल, इकडे येऊन बस."

राहेलनं कोलत्यांकडे पाहिलं, मग नानांकडे. गुरुवारी जी वर बघत नव्हती ती आता सरळ बघत होती. ती आली आणि बायकांत बसली. माझ्या शेजारी. आमचे कोपर एकमेकींना लागत होते, आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

कोलते बरंच बोलले. फौजदाराला आणतो म्हणाले, उद्यापासून एकालाही कामावर घेत नाही म्हणाले. नाना ऐकून घेत होते. कोलत्यांचं बोलून झाल्यावर ते इतकंच म्हणाले की फौजदारांना अवश्य आणा, आठवड्यापूर्वी इथं काय झालं तेही त्यांना सांगता येईल. कोलत्यांनी इंजिन बंद करायला लावलं. धडधड थांबली आणि ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. नानांनी गीताचा आकडा सांगितला. मी पेटी वाजवली. लोकांची गाताना छाती फुगली होती, भास्कररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला मात्र समोर चरकाचे दोन लोखंडी रूळ दिसत होते, आणि त्यांच्या खाचेत राहिलेला काळपट डाग. तो कुणी धुतलाही नव्हता.

आशीर्वाद झाला. लोक नानांच्या भोवती जमले, त्यांचे हात हातात घेऊ लागले. मी थांबले. गर्दी सरल्यावर त्यांच्यासमोर गेले. गुरुवारनंतर पहिल्यांदा बोलले.

"आज तुम्ही आजोबांसाठी बसलात," मी म्हणाले. "दानीएलसाठी अजून कुणी बसलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही समाधान होतं ते उतरत गेलं. मला ते उतरताना बघायचं होतं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी शास्त्र माझ्या हातात दिलं, टोपी सारखी केली आणि सडकेच्या वाटेला लागले.

नानांनी जन्मात रविवारी गाडीत पाय ठेवला नव्हता. स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मातीला ते शनिवारी रात्रीच चालत निघाले होते, रविवारी प्रवास नको म्हणून. भास्करराव त्यांच्या मागून गेले, कुठं निघालात म्हणून विचारत राहिले. आम्ही सगळे टेकाडावरून बघत होतो. दुपारची एस.टी. आली, थांबली आणि पुढे गेली. सडकेवर एकटे भास्करराव उरले.

नाना दुसऱ्या दिवशी परत आले. कुठं होते, काय झालं, त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी त्यांना आंघोळीला पाणी काढून दिलं. रविवारी दवाखाना बंद ठेवायचा ठराव पुढच्या बैठकीत त्यांनीच रद्द केला. माझ्यावरची बंदी उठवली नाही. मी मागितलंही नाही. बारा महिने प्रभुभोजनाचं ताट माझ्यापुढून पुढे गेलं, आणि ते धरलेला हात नानांचा असायचा. त्या हंगामातले उरलेले रविवार कोलत्यांचा चरक बंद राहिला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गावची माणसं आणली.

नाना आणखी अकरा वर्षं जगले. शेवटी त्यांची सेवा मीच केली. मंडळीत अजून त्यांची आठवण काढतात ती गुऱ्हाळावरच्या उपासनेसाठी, आणि काढतात तेव्हा माझ्या जबड्याला कळ लागते.

दानीएल चैत्रात घरी आला. उजवी बाही गाठ मारून, डाव्या हातात पोरीला घेऊन तो दवाखान्यात पट्टी बदलायला आला होता. मी पट्टी सोडता सोडता विचारलं, "गुऱ्हाळावर उपासना झाली त्या रविवारी नाना आले होते ना तुझ्याकडे?"

"आले होते. खाटेपाशी उभे राहिले. बसा म्हटलं, तर बसेनात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दानीएल, तू बाहेर होतास, मी आत होतो, आणि मी आलो नाही. आता तुला काय बोलायचं असेल ते बोल."

"मग?"

"मी शिव्या दिल्या. आईवरून, बापावरून, येतील तेवढ्या. सगळा वॉर्ड उठून बसला. सिस्टर आली मला गप्प करायला, तर त्यांनी तिला हातानं थांबवलं. माझ्या संपेपर्यंत उभे होते." त्यानं पोरीला सावरलं. पोर त्याच्या खांद्यावर झोपली होती. "मग जेवणाचं ताट आलं. मला डाव्या हातानं खाता येत नव्हतं अजून. मास्तरांनी भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि घास माझ्या तोंडापाशी धरला."

"तू खाल्लास?"

दानीएलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"भूक लागली होती, बाई," तो म्हणाला.